बिलाखालचे तेरा डॉलर

मे महिना तोंडावर आला की आमच्या सोसायटीत बॅगा तोलायचा छोटा काटा घरोघर फिरू लागतो. तो मुळात कोणी विकत घेतला होता हे आता कोणालाच आठवत नाही. कोणाचे आईवडील मुलाकडे डॅलसला निघालेले असतात, कोणाचे लेकीकडे न्यू जर्सीला. तेवीस-तेवीस किलोंच्या दोन बॅगा, त्यात गोडा मसाला, मेतकूट, भाजणी आणि आपल्या बडोद्याचा लीलो चेवडो. मी दोन वर्षे कंपनीच्या कामासाठी डॅलसला राहून आलो, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे येतात. तूप नेता येते का? लोणच्याच्या बाटलीला किती पिशव्या घालायच्या? मला जमतील तशी उत्तरे मी देतो.

मागच्या महिन्यात या सदरात विमानतळावरच्या व्हीलचेअरबद्दल लिहिले होते. ते वाचून एका काकूंचा फोन आला. सगळे समजले म्हणाल्या, पण त्या खुर्ची ढकलणाऱ्या मुलाला काही द्यायचे असते का रे? मागच्या वेळी तो आम्हाला दारापर्यंत सोडून जरा घुटमळला, आम्ही "थँक्यू थँक्यू" म्हणत राहिलो आणि तो गेला. तेव्हापासून मनात राहून गेले आहे.

हो काकू, द्यायचे असते. अमेरिकेत साधारण पाच डॉलर, लांबचे अंतर असेल किंवा बॅगाही त्यानेच उचलल्या असतील तर थोडे जास्त. तो तोंडाने मागणार नाही. म्हणूनच आपली माणसे गोंधळतात. तूप आणि लोणच्याचे सगळे विचारून ठेवतात, पण टिपेबद्दल कोणी विचारत नाही, कारण त्यात विचारण्यासारखे काय आहे असे वाटते. आमच्या घरीही असेच वाटले होते.

२०२३ च्या उन्हाळ्यात आई-बाबा माझ्याकडे आले होते. एका शनिवारी संध्याकाळी मी त्यांना मेक्सिकन जेवण देणाऱ्या हॉटेलात घेऊन गेलो. आई शाकाहारी, तीही पक्की. आमच्या टेबलाला वाढणारी बाई पन्नाशीची असेल. आईने राजमा मागवला तेव्हा तिने आपणहून सांगितले की आमच्या वाटून परतलेल्या राजम्यात डुकराची चरबी असते, तुम्हाला चालणार नाही. मग आत जाऊन विचारून आली, भातसुद्धा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात म्हणाली, आणि काळ्या घेवड्याची साधी उसळ, मक्याच्या पोळ्या, भाज्या असे जुळवून दिले. आईला बर्फाचे पाणी नको होते, तर न सांगता दुसऱ्यांदाही गरम पाणी आणले. बाबा दोनदा म्हणाले, "बाई मोठी चांगली आहे."

बिल चौसष्ट डॉलरचे झाले. त्यावर तिथला सव्वाआठ टक्के कर धरून ६९ डॉलर २८ सेंट. ते मी कार्डाने भरले आणि टिप रोख ठेवली, एक दहाची नोट आणि तीन एकेकच्या. बिलाच्या काळ्या पाकिटाखाली नोटा सरकवून मी गाडी दारापाशी आणायला गेलो, कारण आईचा गुडघा दुखत होता. मागून आई-बाबा सावकाश आले. आई गाडीत बसत होती तेवढ्यात ती बाई बाहेर आली. मला विचारले, "सगळे ठीक होते ना? काही कमी-जास्त झाले का?" मी म्हटले, छे, फारच छान होते. ती क्षणभर थांबली, हसली, आणि शुभ रात्री म्हणून आत गेली. किती अगत्य, असे मी मनात म्हटले.

घरी आल्यावर बाबांनी सदऱ्याच्या खिशातून नोटा काढून ओट्यावर ठेवल्या. "पैसे टेबलावर विसरून आला होतास. नशीब मी मागे होतो."

माझ्या पोटात गोळा आला. ती बाई बाहेर का आली होती ते आत्ता कळले. मी टिप म्हणजे काय ते सांगायला लागलो आणि तिथूनच वादाला तोंड फुटले.

बाबांची बाजूही सांगायला हवी. त्यांनी चौतीस वर्षे सरकारी कार्यालयात काढली. "वरचे पैसे" हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा होता. दिवाळीला एका ठेकेदाराने पाठवलेला सुक्या मेव्याचा डबा आईने दारातूनच परत केल्याचे मला आठवते. "बिल दिले ना आपण? मग वरचे पैसे कसले? आणि तेरा डॉलर म्हणजे हजार रुपयांच्या वर. तिने तिचे काम केले, त्याचा पगार तिला मालक देतो. आपण तिच्या हातावर पैसे टेकवायचे म्हणजे तिचा अपमान नाही का?" शेवटचे वाक्य त्यांनी मनापासून म्हटले होते. बक्षीस देणारा वर आणि घेणारा खाली, हे त्यांना कधीच आवडले नाही.

मी इंजिनियर माणूस, त्यामुळे आकडे काढले. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे किमान वेतन तासाला ७ डॉलर २५ सेंट आहे, आणि ते २००९ पासून तेवढेच आहे. पण ज्यांना टिप मिळते त्यांना मालकाने रोख द्यायचे किमान वेतन निराळे, तासाला २ डॉलर १३ सेंट, आणि ते १९९१ पासून बदललेले नाही. टेक्सासमध्ये हाच दर चालतो. आठ तास उभे राहून सतरा डॉलर, वर चार सेंट. बाकीचे ग्राहकांनी भरायचे. टिप धरूनही सव्वासात भरत नसतील तर मालकाने फरक द्यावा असे कायदा म्हणतो, पण तो फरक मागायला जाणारा वेटर पुढच्या आठवड्यात किती कामावर दिसतो, हा प्रश्न निराळा. सगळ्या अमेरिकेत असे नाही. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना आणि अलास्का या राज्यांत टिप सोडून पूर्ण किमान वेतन द्यावे लागते. टिप द्यायची रीत मात्र तिथेही तीच.

बाबा गप्प झाले, पण पटले नव्हते. मग आई म्हणाली, "अहो, आपण दिवाळीला पोस्त देतो ना? तसेच समजा. यांची रोजच दिवाळी."

पोस्त हा शब्द तुमच्यापैकी काहींनी आजीच्या तोंडून ऐकला असेल. पोस्टमन, झाडूवाला, पेपरवाला, वॉचमन यांना दिवाळीत द्यायचे पैसे. इथल्या गुजराती शेजाऱ्यांकडे त्याला बोणी म्हणतात. बाबा त्यासाठी बँकेतून कोऱ्या नोटा आणतात, पाकिटांवर नावे लिहितात आणि प्रत्येकाला आत बोलावून, फराळाची बशी देऊन मग पाकीट देतात. म्हणजे पैसे द्यायला त्यांचा विरोध नव्हता. टेबलावर टाकून जाण्याला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बूट घालून तयार. "चल, त्यांचे पैसे देऊन येऊ." हॉटेल पंचवीस मिनिटांवर. गेलो तर बाईंची सुट्टी. मॅनेजर म्हणाला माझ्याकडे द्या, मी देतो. बाबांनी मान हलवली. पैसे ज्याचे त्याच्या हातात. बुधवारी संध्याकाळी पुन्हा गेलो. बाबांनी वाटेत वाक्य जुळवले होते ते सरळ म्हणून टाकले, "मॅडम, बाय मिस्टेक आय टुक युवर मनी." आणि पंधरा डॉलर पुढे केले, दोन स्वतःचे.

ती आधी गोंधळली, मग खूप हसली. दूरच्या देशातून आलेले लोक, होते असे, म्हणाली. आणि बोलता बोलता सहज सांगून गेली की त्या रात्री आमच्या टेबलाचे अडीच-तीन डॉलर तिला पदरचे भरावे लागले होते. बाबांना ते कळेना, म्हणून मी नीट विचारून घेतले. तिथल्या बऱ्याच हॉटेलांत वेटरने रात्री आपल्या टिपांमधून काही वाटा टेबले पुसणाऱ्या पोऱ्याला आणि बारवर उभे राहणाऱ्याला द्यायचा असतो. तो वाटा पुष्कळदा हाती आलेल्या टिपेवर मोजत नाहीत, किती रुपयांचे, म्हणजे डॉलरचे, जेवण विकले गेले त्यावर मोजतात. ग्राहकाने टिप दिली नाही तरी वाटा चुकत नाही. म्हणजे आईसाठी चार वेळा आत-बाहेर करून, वर त्या बाईनेच आमच्या जेवणाचे थोडे पैसे भरले होते.

परतताना बाबा बराच वेळ बाहेर बघत होते. मग विचारले, "पण मालक पूर्ण पगार का देत नाही?"

रास्त प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मी त्या रात्री वाचत बसलो. टिप अमेरिकेची नव्हेच. एकोणिसाव्या शतकात पैसेवाले अमेरिकन युरोपात फिरून आले आणि ही चाल घेऊन आले. तेव्हा पुष्कळांना ती सरंजामी वाटली, अगदी बाबांना वाटली तशीच. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने टिपेवर बंदी घालणारा कायदाच केला, आणखी पाच राज्यांनी तसे कायदे केले. १९२६ पर्यंत ते सगळे रद्द झाले. कारण तोवर मालकांना तिची गोडी लागली होती. यादवी युद्धानंतर गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांना पुलमन कंपनीने आपल्या झोपायच्या रेल्वेडब्यांवर नोकर म्हणून घेतले, पगार अगदी तुटपुंजा दिला आणि बाकीचे प्रवाशांच्या खुशीवर सोडले. प्रवासी त्या सगळ्यांना सरसकट "जॉर्ज" म्हणायचे, मालक जॉर्ज पुलमनच्या नावाने. स्वतःचे नावही नाही. या पोर्टरांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना काढली आणि बारा वर्षे झगडून १९३७ मध्ये कंपनीशी करार केला. हॉटेलवाल्यांची गोष्ट आणखी लांबली. १९३८ च्या किमान वेतन कायद्यात ते जवळजवळ नव्हतेच. १९६६ मध्ये त्यांना आत घेतले, पण टिप वेतनात धरायची सवलत मालकांना देऊन. आजचे ते २ डॉलर १३ सेंट तिथून आले.

सकाळी चहाला हे सगळे बाबांना सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे लाचार करून ठेवायचे, आणि वर हसायलाही लावायचे." माझे मत याहून वेगळे नाही. पद्धत वाईटच आहे. पण आपल्यातले काही जण, विशेषतः माझ्या वयाचे, "मी या सिस्टिमच्या विरोधात आहे म्हणून टिप देत नाही" असे छाती काढून सांगतात तेव्हा मला राग येतो. मालकाला त्याचे बिल पूर्ण मिळालेले असते. विरोध फक्त वाढणाऱ्या बाईच्या खिशातून होतो. २०१६ मध्ये पहिल्यांदा ऑनसाइट गेलो तेव्हा आम्ही चौघांनी मिळून दोन डॉलर ठेवले होते आणि बाहेर येऊन त्यावर हसलोही होतो, हे इथे कबूल करतो.

आता काकूंसाठी कामाचे. बसून जेवायच्या हॉटेलात कराआधीच्या रकमेवर अठरा ते वीस टक्के. डॅलससारख्या ठिकाणी कराची दुप्पट करून वर थोडे घातले की जमते, कागद-पेन्सिल लागत नाही. सहा-आठ जणांचा घोळका असेल तर टिप आधीच बिलात लावलेली असू शकते, तेव्हा बिल वाचा, नाहीतर दोनदा जाईल. कार्डाने भरताना चिठ्ठीवर टिप आणि एकूण अशा दोन रिकाम्या ओळी असतात. बाबांना ती कोऱ्या चेकवर सही करण्यासारखी वाटली. प्रत्यक्षात आधी बिलाची रक्कम अडकवून ठेवतात आणि नंतर तुमच्या हातचा आकडा मिळवून ती पक्की करतात. म्हणून दोन्ही ओळी भरा, आणि वडीलधाऱ्यांबरोबर असाल तर टिप कार्डावरच द्या. का ते वर सांगितलेच.

हॉटेलात मुक्काम असेल तर खोली आवरणाऱ्या बाईसाठी रोज दोन ते पाच डॉलर, आणि ते रोजच्या रोज ठेवावेत, कारण शेवटच्या दिवशी दुसरीच कोणी आलेली असते. टॅक्सीला पंधरा टक्क्यांच्या आसपास, केस कापणाऱ्याला पंधरा ते वीस.

काउंटरवरून कॉफी घेतली तर तो स्क्रीन तुमच्याकडे फिरवतील, अठरा, वीस, पंचवीस. तिथे मनावर दगड ठेवून "नो टिप" दाबलेत तरी काही बिघडत नाही. मी अशा पेमेंटच्या स्क्रीन बनवणाऱ्या टीममध्ये काम केले आहे. ते बटण लहान आणि फिकट असते ते डिझायनरच्या नजरचुकीने नव्हे. आणि सरकारी माणसाला चुकूनही रोख देऊ नका. बाबांनी एकदा सोसायटीत पत्रे टाकणाऱ्या पोस्टमनला पाच डॉलर देऊ केले, पोस्त म्हणून. त्याने हात मागे घेतला. तिथल्या टपाल खात्यात रोख पैसे घ्यायला मनाई आहे, वीस डॉलरपर्यंतची छोटी भेटवस्तू चालते. बाबा त्या दिवशी फार खूश होते. दुसऱ्या दिवशी त्याला लीलो चेवडोचे पाकीट दिले.

हे सगळे अमेरिकेपुरते. हाच हिशेब घेऊन दुसरीकडे गेलात तर उलटेच होईल. आमच्या टीममधल्या एकाने टोकियोत टेबलावर नाणी ठेवली, तर वेटर रस्त्यापर्यंत धावत येऊन ती परत करून गेला. जपानात टिपेची रीतच नाही. जर्मनीत देतात, पण पाच ते दहा टक्के, आणि टेबलावर सोडत नाहीत. २७ युरो ६० सेंटचे बिल असेल तर पैसे देताना "तीस" म्हणायचे, तो तीस धरूनच सुटे परत देतो. फ्रान्समध्ये सेवेचे पैसे किमतीतच धरलेले असतात, वर एखादा युरो ठेवला तर आनंद. सिंगापूरला बऱ्याच ठिकाणी दहा टक्के बिलातच लागतात. लंडनला बिलात साडेबारा टक्के दिसले तर ते ऐच्छिक असतात, सेवा वाईट असेल तर काढायला सांगता येतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे कायदाच आहे की टिपेची सगळी रक्कम कामगारांनाच मिळाली पाहिजे, मालकाला त्यातून काही ठेवता येत नाही. युरोपच्या सहलीला ग्रुपने जाणार असाल तर ड्रायव्हर आणि गाइडची टिप पॅकेजमध्ये धरली आहे का, ते पैसे भरण्याआधी विचारा. बसमध्ये शेवटच्या दिवशी टोपी फिरल्यावर विचारून उपयोग नाही.

आपल्याकडे काय? हॉटेलांनी बिलात आपोआप सेवाशुल्क लावू नये असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितले. हॉटेलवाले कोर्टात गेले, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. बाबांनी त्या बातमीचे कात्रण ठेवले आहे.

त्यानंतर आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही इथेच बडोद्यात जेवायला गेलो होतो. बिल आले १८४० रुपयांचे आणि त्याखाली सेवाशुल्क १८४. बाबांनी चष्मा लावला. वाढणारा मुलगा विशीचा होता, त्याला जवळ बोलावून हळूच विचारले, "हे तुला मिळतात का रे?" तो काही बोलला नाही, फक्त गल्ल्याकडे बघितले. बाबा उठून गल्ल्यावर गेले, वाद न घालता ते १८४ रुपये बिलातून काढून घेतले, आणि परत येऊन दोनशेची नोट त्या मुलाच्या हातात दिली. वर त्याचे नाव विचारले.

गाडीत बसल्यावर हिशेब चालूच होता. "अकरा टक्केच झाले रे," म्हणाले. "डॅलसला कमी पडले असते."